इन्कस : नेक्स्टक्लाउडची चाचणी खऱ्या सर्व्हरपासून अलग ठेवण्यासाठी

सोलापुरात आपल्या फायली दुसऱ्याच्या क्लाउडवर न ठेवता स्वतःच्या जागेतील यंत्रावर नेक्स्टक्लाउड हे फायली साठवण्याचे व वाटण्याचे सॉफ्टवेअर बसवून चालवणारी काही कार्यालये आहेत. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतला एखादा चादर-टॉवेलचा कारखाना असतो, नवी पेठेतील एखाद्या करसल्लागाराचे कार्यालय असते, एखादी शिक्षणसंस्था असते. जॅकार्डच्या नक्षीच्या फायली, निर्यातीची कागदपत्रे, कामगारांची हजेरी आणि विवरणपत्रांचे जोडकागद हे सगळे अशा एका यंत्रावर असते आणि त्यावर दिवसभर काम चालू असते. असे काही सर्व्हर मी सांभाळतो. त्यांच्यावर कोणताही बदल करण्याआधी तो करून पाहण्यासाठी मी इन्कस हे मुक्त सॉफ्टवेअर वापरतो. एकाच लिनक्स यंत्रात ते अलग कप्पे, म्हणजे कंटेनर, तयार करून देते. हे परीक्षण केवळ त्या एका उपयोगापुरते आहे. इन्कसवर मोठी सर्व्हरशेती उभारता येते हे खरे असले तरी तो माझा विषय नाही.

नेक्स्टक्लाउडला वेगळ्या चाचणी-जागेची गरज इतर अनेक सॉफ्टवेअरपेक्षा अधिक का भासते, ते आधी सांगणे आवश्यक आहे. त्याच्या मुख्य आवृत्त्या एकेक करतच चढाव्या लागतात. २८ वरून थेट ३० वर जाता येत नाही, मध्ये २९ घ्यावीच लागते. आणि एकदा चढल्यावर मागे येण्याचा अधिकृत मार्ग नाही, कारण प्रत्येक चढाईत डेटाबेसची रचना बदलते आणि तिला उलट फिरवण्याची सोय ठेवलेली नसते. प्रत्येक मुख्य आवृत्तीला साधारण वर्षभरच आधार मिळतो, त्यामुळे चढाई टाळत राहणे हाही उपाय ठरत नाही. वर्षातून निदान एकदा परत न फिरणारे पाऊल टाकावे लागते, आणि ते आधी कुठेतरी टाकून पाहिलेले असले पाहिजे.

इन्कसची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. उबंटू या लिनक्स-प्रणालीच्या मागील कॅनॉनिकल कंपनीने एलएक्सडी नावाचे कंटेनर-व्यवस्थापक सॉफ्टवेअर विकसित केले होते आणि ते लिनक्स कंटेनर्स या सामूहिक प्रकल्पाचा भाग होते. जुलै २०२३ मध्ये कॅनॉनिकलने ते त्या प्रकल्पातून काढून स्वतःच्या ताब्यात घेतले. त्यानंतर लगेच ऑगस्टमध्ये अलेक्सा सराई यांनी त्याची वेगळी शाखा काढली, तिचे नाव इन्कस. लिनक्स कंटेनर्सने ती शाखा स्वीकारली आणि एलएक्सडीचे पूर्वीचे प्रमुख विकासक स्टेफान ग्रेबर तिचे काम पाहू लागले. एप्रिल २०२४ मध्ये आलेली इन्कस ६.० ही दीर्घकालीन आधाराची आवृत्ती असून तिला जून २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. लहान कार्यालयासाठी हीच आवृत्ती योग्य, असे माझे मत आहे.

डेबियन १३ आणि उबंटू २४.०४ या दोन्ही लिनक्स-प्रणालींच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर-भांडारात इन्कस आहे, त्यामुळे बाहेरचे काही जोडावे लागत नाही. बसवल्यावर पहिली मांडणी करताना ते काही प्रश्न विचारते, आणि त्यांपैकी साठवणुकीच्या प्रश्नाचे उत्तर विचारपूर्वक द्यावे लागते. ‘डीआयआर’ हा साधे फोल्डर वापरणारा पर्याय सोपा दिसतो. मात्र त्यात प्रत्येक स्नॅपशॉट (जिच्यावर नंतर परतता येते अशी त्या क्षणाची स्थिती) म्हणजे सगळ्या फायलींची पूर्ण नक्कल असते आणि ती वेळही खाते, जागाही खाते. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस ही फाइल-प्रणाली निवडल्यास स्नॅपशॉट क्षणात होतो आणि त्यानंतर बदललेल्या भागापुरतीच नवी जागा लागते. मी बीटीआरएफएस निवडतो, कारण झेडएफएसमध्ये सर्वांत अलीकडच्या स्नॅपशॉटऐवजी त्याच्या मागच्या एखाद्यावर परतायचे असेल तर मधले स्नॅपशॉट पुसण्याची परवानगी आधी द्यावी लागते. चढाईच्या चाचणीत पुढेमागे उड्या माराव्या लागतात, तिथे ही अट अडचणीची ठरते. साठवणुकीसाठी वेगळा डिस्क-भाग दिला नाही तर इन्कस मोकळ्या जागेच्या सुमारे एक-पंचमांश एवढी एकच मोठी फाइल तयार करते आणि तिची मर्यादा ३० जीबी असते. रिकाम्या नेक्स्टक्लाउडला ती पुरते, खऱ्या फायलींची प्रत आणली की पुरत नाही. म्हणून शक्य असेल तिथे सुरुवातीलाच स्वतंत्र एसएसडी द्यावी.

इन्कसच्या कंटेनरमध्ये संपूर्ण डेबियन किंवा उबंटू असते. त्यात सेवा सुरू-बंद करणारे सिस्टमडी चालते, नेक्स्टक्लाउडला लागणारे अपाची, पीएचपी, मारियाडीबी हा डेटाबेस आणि रेडिस हे सगळे खऱ्या सर्व्हरवर जसे बसवले आहे तसेच बसवता येते. कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, मात्र यजमान यंत्राचाच (ज्यावर इन्कस बसवले आहे त्याचा) वापरला जात असल्यामुळे व्हर्च्युअल मशीनसारखी मेमरी आधीच बाजूला काढून ठेवावी लागत नाही, आणि ८ जीबीच्या जुन्या डेस्कटॉपवरही दोन-तीन नेक्स्टक्लाउड शेजारी शेजारी चालू शकतात. कंटेनरमधील रूट, म्हणजे सर्वाधिकारी, वापरकर्ता यजमानावर अधिकार नसलेला साधा वापरकर्ता म्हणून गणला जातो, हीही मूळ मांडणीतलीच सोय आहे.

खरा लाभ चढाईच्या वेळी दिसतो. डेबियन १२ मध्ये पीएचपी ८.२ आहे, डेबियन १३ मध्ये ८.४. नेक्स्टक्लाउड ३० हे पीएचपी ८.४ वर चालण्यास स्पष्ट नकार देते, तर ३१ ते स्वीकारते. म्हणजे डेबियन १२ आणि नेक्स्टक्लाउड ३० अशी जोडी असलेल्या सर्व्हरवर आधी कार्यप्रणाली चढवली तर दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयाला फायलींऐवजी एक त्रुटीचा संदेश दिसेल. आधी नेक्स्टक्लाउड ३१ वर नेऊन मग डेबियन १३ घेतले तर काहीच अडणार नाही. कागदावर हा क्रम दोन ओळींत लिहिता येतो. प्रत्यक्षात मात्र त्याच्या आजूबाजूला जोडलेली ॲप्स असतात, पीएचपीचे विस्तार असतात, कुणीतरी पूर्वी हाताने बदललेली सेटिंग्ज असतात आणि त्यांचे काय होईल हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. इन्कसमध्ये प्रत्येक पायरीआधी कंटेनर थांबवून स्नॅपशॉट घ्यावा, पायरी करावी, बिघडले तर मागे यावे आणि दुसऱ्या क्रमाने करावे. कंटेनर थांबवूनच स्नॅपशॉट घ्यावा असे मी आग्रहाने सांगतो. चालू डेटाबेसचा स्नॅपशॉट बहुतेक वेळा उभा राहतो, पण ती स्थिती वीज अचानक गेल्यानंतरची असते आणि चाचणीची सुरुवात अशा पायावर करणे योग्य नाही.

आता अलगपणाकडे येतो, कारण या परीक्षणाचा गाभा तोच आहे. वेगळ्या कंटेनरमध्ये चालते म्हणून चाचणी अलग झाली, असा सर्रास समज आढळतो आणि तो धोकादायक आहे. खऱ्या सर्व्हरच्या डेटाबेसची प्रत जेव्हा आपण कंटेनरमध्ये घालतो, तेव्हा त्या प्रतीला आपण प्रत आहोत हे माहीत नसते. तिच्या सेटिंग्जमध्ये कार्यालयाच्या खऱ्या मेल सर्व्हरचा पत्ता आणि पासवर्ड असतो, त्यामुळे दिनदर्शिकेतील स्मरणपत्रे आणि फाइल वाटल्याच्या सूचना खऱ्या माणसांना, कधी खऱ्या ग्राहकांना, दुसऱ्यांदा जातात. मोबाइल ॲपला सूचना पाठवण्याच्या नोंदीही डेटाबेसमध्येच असतात. सर्वांत गंभीर बाब बाह्य साठवणुकीची आहे. हिशेब विभागाच्या विंडोज यंत्रावरील सामायिक फोल्डर नेक्स्टक्लाउडला जोडलेले असेल, तर त्याचा पासवर्डही प्रतीबरोबर येतो आणि चाचणी म्हणून पुसलेली फाइल खऱ्या फोल्डरमधून पुसली जाते. नेक्स्टक्लाउडची पार्श्वभूमीतील कामे दर पाच मिनिटांनी चालवावीत अशी शिफारस आहे. म्हणजे प्रत सुरू झाल्यापासून पाच मिनिटांच्या आत, कुणी काहीही न दाबता, ती बाहेर बोलू लागते.

नेक्स्टक्लाउडच्या कॉन्फिग फायलीत इंटरनेट नसल्याचे सांगणारी एक सेटिंग आहे. ती दिल्यावर ॲप-भांडार आणि नव्या आवृत्तीची विचारणा थांबते. मेल मात्र थांबत नाही, बाह्य साठवणूकही तुटत नाही. त्यामुळे अलगपणा नेक्स्टक्लाउडच्या भरवशावर सोडता येत नाही. तो बाहेरून, नेटवर्कच्या पातळीवर लादावा लागतो, आणि इन्कस मला सर्वाधिक आवडते ते इथे. त्यात चाचणीसाठी स्वतंत्र ब्रिज, म्हणजे कंटेनरांना जोडणारे आभासी नेटवर्क, तयार करता येतो आणि त्या ब्रिजला प्रवेश-नियमांचा संच जोडता येतो. संच जोडल्याबरोबर, ज्याला स्पष्ट परवानगी दिलेली नाही अशी बाहेर जाणारी प्रत्येक जोडणी मूळ मांडणीतच नाकारली जाते. हे नियम ब्रिजच्या सीमेवर लागू होतात, एकाच ब्रिजवरील दोन कंटेनरमध्ये लागू होत नाहीत. अधिकृत माहितीपुस्तिकेत ही मर्यादा म्हणून नोंदवलेली आहे, पण आपल्या कामाला ती सोयीची आहे, कारण नेक्स्टक्लाउडच्या शेजारी मेल झेलणारा दुसरा कंटेनर ठेवता येतो. त्यासाठी मी मेलपिट हे छोटे सॉफ्टवेअर वापरतो. ते १०२५ क्रमांकाच्या पोर्टवर मेल स्वीकारते, कुणालाही पुढे पाठवत नाही आणि ८०२५ वर ब्राउझरमध्ये ती मेल दाखवते. स्मरणपत्र कुणाला गेले असते आणि त्यात काय मजकूर असता, हे सर्व तिथे वाचता येते.

क्रमाला इथे फार महत्त्व आहे. कंटेनर तयार करावा पण सुरू करू नये. आधी त्याला बंद ब्रिजवर न्यावे, मग सुरू करावे, आणि आतून मेल सर्व्हरशी व सामायिक फोल्डरशी जोडणी करण्याचा प्रयत्न करून ती खरोखर नाकारली जाते हे डोळ्यांनी पाहावे. त्यानंतरच डेटाबेसची प्रत आत घालावी. कॉन्फिगमधील विश्वासार्ह पत्त्यांच्या यादीत कंटेनरचा पत्ता घालावा, नाहीतर नेक्स्टक्लाउड दारातच अडवते. कॉन्फिगमधील पासवर्डचे सॉल्ट (पासवर्डात मिसळली जाणारी अक्षरे) आणि गुप्त किल्ली मात्र बदलू नयेत. किल्ली बदलली तर आधीपासून साठवलेले ॲपचे आणि बाह्य साठवणुकीचे पासवर्ड चालणार नाहीत आणि चाचणी भलत्याच दिशेला जाईल.

प्रतीबरोबर माणसांची माहितीही येते हे विसरून चालणार नाही. पगारपत्रके, आधारकार्डांच्या स्कॅन प्रती, वैद्यकीय बिले यांचा चढाईच्या चाचणीशी काहीही संबंध नसतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या कामगाराने आपली कागदपत्रे एका कामासाठी दिली त्याच्याशी असलेला हा साधा प्रामाणिकपणा आहे. मी डेटाबेस, कॉन्फिग आणि ॲप्स एवढेच आणतो, आणि फायलींच्या जागी चाचणीपुरती वापरकर्त्यांची काही बनावट खाती व बनावट फायली तयार करतो. खऱ्या फायली हव्यातच असतील तर काम संपताच कंटेनर स्नॅपशॉटसकट पुसला जाईल, असे आधी लेखी ठरवून घ्यावे.

डॉकर या दुसऱ्या कंटेनर-सॉफ्टवेअरशी तुलना अपरिहार्य आहे, कारण नेक्स्टक्लाउड करून पाहण्यासाठी बहुतेक जण आधी तिकडेच वळतात. डॉकरच्या कंपोज या साधनाची एक फाइल लिहिली की नेक्स्टक्लाउड आणि मारियाडीबी काही मिनिटांत उभे राहतात, हे निर्विवाद. ज्यांचा खरा सर्व्हरच डॉकरमध्ये आहे त्यांनी चाचणीही डॉकरमध्येच करावी, कारण चाचणीची जागा खऱ्या जागेसारखी असणे हा पहिला नियम आहे. मी सांभाळतो ते सर्व्हर मात्र थेट डेबियनवर बसवलेले आहेत, आणि डॉकरच्या तयार प्रतिमेत (ज्यापासून कंटेनर बनतो त्या साच्यात) पीएचपी, अपाची व फायलींची मांडणी वेगळी असल्यामुळे तिथे यशस्वी झालेली चढाई माझ्यासाठी पुरावा ठरत नाही. अलगपणाच्या दृष्टीनेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डॉकरमध्ये पोर्ट नेहमीच्या पद्धतीने उघडले तर ते यंत्राच्या सर्व नेटवर्क-पत्त्यांवर उघडते आणि यूएफडब्ल्यूसारख्या फायरवॉलचे नियम ओलांडून जाते. खऱ्या माहितीची प्रत त्यामुळे संपूर्ण कार्यालयाला दिसू शकते. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ हा पत्ता लिहिला की ती यंत्रापुरती राहते. नेक्स्टक्लाउडचे ऑल-इन-वन हे डॉकरवर आधारलेले अधिकृत रूप खरे डोमेन आणि खरे प्रमाणपत्र असल्याचे गृहीत धरते, त्यामुळे बंद जागेतील चाचणीला ते मला सोयीचे वाटले नाही.

इन्कसवर मी करतो ती एक चाचणी सोलापूरच्या उन्हाळ्याशी जोडलेली आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर असतो, वीज जाते-येते, आणि यूपीएसची बॅटरी जुनी असेल तर सर्व्हर एकाएकी बंद पडतो. मोठी फाइल चढत असताना किंवा आवृत्ती बदलत असताना असे झाले तर काय उरते, हे पाहण्यासाठी मी कंटेनर सक्तीने थांबवतो आणि पुन्हा सुरू करतो. मारियाडीबीतील साठवणूक सांभाळणारे इनोडीबी स्वतःला सावरते, अर्धवट चढलेली फाइल क्लायंट पुन्हा पाठवतो, देखभाल-स्थितीत अडकलेले नेक्स्टक्लाउड हाताने सोडवावे लागते. या चाचणीची मर्यादाही सांगितली पाहिजे : यजमान यंत्र चालूच असल्यामुळे मेमरीत राहिलेला आणि डिस्कवर न पोहोचलेला मजकूर इथे नाहीसा होत नाही, खऱ्या वीजकपातीत तो होतो. म्हणून या चाचणीत पास झालेल्या सर्व्हरलाही चांगला यूपीएस लागतोच.

दुसरी चाचणी फायलींच्या नावांची. आपल्याकडे एकाच कार्यालयात मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही लिपींतील फायली सापडतात. लिनक्सच्या बहुतेक फाइल-प्रणालींत नावाची मर्यादा २५५ बाइट असते आणि या लिप्यांतील प्रत्येक चिन्हाला, म्हणजे काना, मात्रा व हलन्त यांनाही, तीन बाइट लागतात. त्यामुळे नाव ८५ चिन्हांतच संपते. विंडोजवर मात्र मर्यादा २५५ चिन्हांची असल्याने तेच नाव तिथे बिनतक्रार ठेवता येते आणि सर्व्हरकडे जाताना अडते. ‘कर्मचाऱ्यांची हजेरी’ हे नाव दोन कळफलकांवर दोन प्रकारे लिहिले जाते : एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडकारक. डोळ्यांना दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात, नेक्स्टक्लाउड त्यांना दोन वेगळ्या फायली मानते आणि एकाच्या शोधात दुसरी सापडत नाही. हा दोष इन्कसचा नाही. पण तो ग्राहकाच्या फायलींवर प्रयोग न करता दाखवता आला, तो केवळ फेकून देता येणाऱ्या कंटेनरमुळे.

उणिवांत पहिली म्हणजे इन्कसचा सर्व्हर लिनक्सवरच चालतो; विंडोजवर केवळ दूरस्थ नियंत्रणाचा क्लायंट मिळतो. ज्या कार्यालयात एकही लिनक्स यंत्र नाही तिथे एक जुना डेस्कटॉप या कामाला द्यावाच लागेल. दुसरी, एकाच यंत्रावर डॉकर आणि इन्कस दोन्ही असतील तर डॉकर फायरवॉलमध्ये पुढे पाठवण्याचे धोरण बंद करून ठेवते आणि इन्कसच्या कंटेनरांचे इंटरनेट जाते. त्याचा उपाय माहितीपुस्तिकेत दिलेला आहे, पण नवख्या माणसाला कारणच उमगत नाही. मी डॉकर लागलेच तर ते इन्कसच्या एका कंटेनरमध्ये, त्याला आतील कंटेनरांची परवानगी देऊन, चालवतो. तिसरी, माहितीपुस्तिका नेमकी असली तरी इंग्रजीतच आहे आणि ज्याला ब्रिज व साठवणूक-संच या कल्पना परिचित आहेत अशा वाचकासाठी लिहिलेली आहे. महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींना ती पहिल्या वाचनात जड जाते, आणि आपल्या भागात हे काम पुढे करणार आहेत ती तीच मुले. अक्कलकोट रस्त्यावर किंवा चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत सर्व्हर सांभाळणाऱ्या कुणाला बंद ब्रिज आणि प्रवेश-नियमांची ही मांडणी स्वतः उभी करायची असेल, तर पहिला कंटेनर रिकाम्या नेक्स्टक्लाउडचा करावा, त्यातून बाहेर काहीच जात नाही याची खात्री करावी, तयार झालेल्या त्या कंटेनरची स्वतःची प्रतिमा इन्कसमध्येच साठवून ठेवावी आणि पुढची प्रत्येक चाचणी त्या प्रतिमेपासून सुरू करावी. त्यामुळे प्रत्येक वेळी सगळे नव्याने उतरवून घेण्यासाठी इंटरनेटवर थांबावे लागत नाही आणि प्रत्येक कंटेनर जन्मतःच बंद ब्रिजवर असावा म्हणून तसे प्रोफाइलही (सेटिंग्जचा साठवलेला संच) एकदाच लिहावे लागते.